लांडग्याचा वाटा

मराठीत लांडग्याबद्दल कुणी कधी चांगला शब्द काढलेला नाही. वाघाचा आपण वाघोबा केला, नागाला वर्षातून एकदा दूध-लाह्या दाखवल्या, उंदराला गणपतीच्या पायाशी जागा दिली. लांडग्याच्या नशिबी 'लांडगा आला रे आला' ही आरोळी आणि 'लांडगेतोड' हा शब्द. त्यामुळे गेल्या दहा-बारा वर्षांत त्याला एकदम चाहते मिळाले, लोक रविवारी पहाटे उठून पुण्याहून इंदापूर-बारामतीच्या माळांवर जायला लागले, तेव्हा मला बरं वाटलं होतं. कुणाला तरी माळ दिसला म्हणायचा.

दोन हिवाळ्यांपूर्वी मीही त्यातल्याच एका गाडीत होतो. उजाडायच्या आत पोचलो तर आधीच सहा गाड्या लागलेल्या. ओघळीच्या कडेला लांडगीचं बीळ होतं आणि त्याचं 'लोकेशन' आदल्या रात्री कुठल्याशा ग्रुपवर फिरलं होतं. माझ्याकडेही ते तसंच आलं होतं, म्हणून आता मी इतरांवर नाक मुरडणं खरं तर शोभत नाही. उन्हं कुसळी गवतावर आली तशी मादी बाहेर आली. थांबली. सात गाड्यांकडे पाहिलं. कॅमेऱ्यांचा जो कडकडाट झाला तो गारा पडाव्यात तसा होता. एकाला उजेड पाठीमागून पडत होता म्हणून त्याने गाडी चालू करून तीस-चाळीस फूट पुढे घेतली. मादी आत गेली ती गेलीच. तासाभराने लोक कंटाळले. 'आज मजा नाही राव' असं कुणी तरी म्हणालं आणि गाड्या मिसळ शोधायला निघाल्या.

मी मागे राहिलो, कारण उंचवट्यापलीकडे धुराची रेघ दिसत होती. धनगरांचा वाडा, म्हणजे फिरता तळ, उतरलेला. चार बिऱ्हाडं, तीन घोडी, वाघर म्हणजे जाळी लावून कोंडलेली मेंढरं. म्हातारा कोकरं मोजत होता. चहा झाला. त्याने विचारलं, "दिसला का?"

"हो मामा, मादी दिसली."

"आमाला न्हाय दिसली. रातच्याला एक कोकरू तेवढं ग्येलं." दूध उतू गेल्याचं सांगावं तशा आवाजात त्याने हे सांगितलं. वर म्हणाला, "त्येचा बी वाटा आसतुय की."

हे वाक्य मी वहीत लिहून घेणार, एवढ्यात चुलीपाशी बसलेली त्याची बायको कडाडली. "वाटा म्हनं! राच्च्याला उठून पाजत हुते त्येला मी. वाटा द्यायला ह्येंचं काय जातंय!"

मला वाटतं निसर्गप्रेमाविषयी बोलायला त्या सकाळपासूनच सुरुवात करावी. एक लांडगी आणि तिच्यात रस असलेली माणसं अर्ध्या किलोमीटरच्या आत. आम्हाला तिचा फोटो मिळाला, त्यांचं कोकरू गेलं. तरीही कागदोपत्री, वर्तमानपत्रांत आणि आमच्या ग्रुपांवर 'निसर्गप्रेमी' हा शब्द आमच्यासाठी राखीव आहे. त्या म्हाताऱ्याची मेंढरं वनखात्याच्या हद्दीत शिरली तर ती 'अवैध चराई'. आम्ही त्याच हद्दीत गाडी घातली तर ते पर्यटन. माझा आक्षेप या वाटणीला आहे. ज्याच्या आवडीची किंमत त्याला स्वतःला मोजावी लागते त्याला माळाबद्दलच्या निर्णयात पहिली खुर्ची हवी, आणि आज त्याला बसायला घोंगडीसुद्धा नाही.

एक गोष्ट आधीच कबूल करतो. मेंढपाळ म्हणजे साधुसंत नव्हेत. मेलेल्या शेळीत विष घालून ठेवणं, बिळात धूर करणं, पिल्लं मारणं हे माळावर घडलेलं आहे आणि अजून घडतं. वाड्याबरोबर फिरणाऱ्या कुत्र्यांना लस नसते, आणि कुत्र्यांचे रोग लांडग्यांत जातात. पण देशभरात तीन हजारांच्या आसपासच उरलेला हा प्राणी अभयारण्यांच्या भिंतीआड जगलेला नाही, एवढं तर उघड आहे. बारामती तालुक्यातल्या सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य पाच चौरस किलोमीटरांहून जेमतेम मोठं. लांडग्यांच्या एका टोळीचा वावर शंभर-दोनशे चौरस किलोमीटरांचा. म्हणजे टोळीचं बाकीचं सगळं आयुष्य कुणाच्या तरी शेतात, गायरानात, मेंढरांच्या मागे जातं. वन्यजीव संरक्षण कायद्यात लांडगा वाघाच्याच पंगतीला, पहिल्या अनुसूचीत आहे. पण वाघाला त्या कायद्याबरोबर कोअर म्हणजे राखीव गाभा, त्याभोवतीचा बफर आणि गेट मिळालं. लांडग्याला मिळाला तो फक्त मेंढपाळाचा संयम, आणि तोही दर रात्री नव्याने मागावा लागणारा.

फोटोवाल्यांना झोडपणं सोपं आहे, म्हणून ते थोडक्यात उरकतो. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात २०२४ च्या ३१ डिसेंबरला पर्यटकांच्या गाड्यांनी एका वाघिणीला आणि तिच्या पाच बछड्यांना रस्त्यावर दोन्हीकडून अडवलं, त्याची चित्रफीत फिरली आणि नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. तिथे निदान गेट होतं, गाडीला नंबर होता, जाब विचारता येईल असा चालक नि गाइड होता. माळाला दार नाही. पिल्लांच्या दिवसांत माणसं बिळाशी घुटमळली की लांडगी पिल्लं तोंडात धरून दुसरीकडे नेते, आणि त्या वाटेवर मोकाट कुत्री असतात. 'रेकॉर्ड शॉट' नावाचा जो प्रकार आहे त्यात ही बाजू रेकॉर्ड होत नाही. बिळाचा फोटो काढू नये, काढला तर कुणी लाइक करू नये, याउपर मला या विषयात काही म्हणायचं नाही.

यादीवाल्यांबद्दल मात्र मी अधिकाराने बोलू शकतो, कारण मी स्वतः यादीवाला आहे. पक्षी पाहायचा, नाव लिहायचं, आकडा एकने वाढवायचा. आयुष्यात पहिल्यांदा दिसलेल्याला आम्ही 'लाइफर' म्हणतो आणि लाइफर मिळाला की पोरगं पास झाल्यासारखे पेढे मागतो. या छंदाचं मोल मी कमी लेखत नाही. १९८७ पासून दर जानेवारीत देशभरातल्या पाणथळ जागांवर पाणपक्षी मोजले जातात, ते मोजणारे बहुतांश हौशीच असतात. आपल्याकडे २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळतात. त्याच्या एका टोकाला मारुती चितमपल्लींचा वाढदिवस, दुसऱ्या टोकाला सालिम अलींचा, आणि मधल्या दिवसांत शाळांमधली पोरं दुर्बिणीसाठी भांडतात. हे चांगलंच आहे.

पण यादीत एक खोट आहे. २००९ साली मला बारामतीच्या पुढे एका माळावर धाविक पक्षी दिसला, आयुष्यातला पहिला. तांबूस अंगाचा, भुवईला पांढरी रेघ, दोन पावलं पळून एकदम थबकणारा. नाव लिहिलं आणि तो माळ माझ्यापुरता संपला. नऊ वर्षांनी सहज तिकडून जाताना गाडी थांबवली तर तिथे प्लास्टिक अंथरलेलं शेततळं आणि चारी बाजूंना ऊस. कधी झालं, कुणी केलं, त्या वेळी कुणी हरकत घेतली का, मला काही ठाऊक नाही, कारण मी पुन्हा गेलोच नव्हतो. ज्या मेंढपाळाचं खांड, म्हणजे मेंढरांचा कळप, दर वर्षी त्याच वाटेने येतं त्याला हा बदल पहिल्याच वर्षी पायाखाली कळला असणार. त्याला विचारायला मात्र कुणी गेलं नाही. त्याच्याकडे यादी नव्हती.

आता ज्यांच्याविषयी बोललं की घरात भांडणं होतात त्यांच्याकडे वळतो. झाडं लावणारे. माझे काका यांतलेच, पावसाळा लागला की खुरपं आणि रोपं घेऊन टेकडीवर जाणारे. माणूस सोन्यासारखा. त्यांना कुणी सांगितलं नाही, आणि सांगितलं तेव्हा पटलं नाही, की मोकळा माळ हे नापास झालेलं जंगल नव्हे.

राज्याने २०१६ मध्ये एका दिवसात २ कोटी झाडांचा संकल्प सोडला. २०१७ ला ४ कोटी, २०१८ ला १३ कोटी, २०१९ ला ३३ कोटी. एवढे खड्डे घ्यायचे कुठे? जिथे आधीच दाट झाडी आहे तिथे घेता येत नाहीत, जिथे पीक आहे तिथे शेतकरी घेऊ देत नाही. राहिला माळ. तो मोकळा दिसतो, रिकामा वाटतो, आणि त्याच्या वतीने भांडणारं कुणी नाही. मग सलग समतल चर पडले, ग्लिरिसिडिया या परदेशी झाडाच्या काड्या उभ्या राहिल्या, शेजारी पाटी लागली. इंदापूरकडे वर्षाचा पाऊस जेमतेम ५०० मिलिमीटरच्या आसपास. तिथल्या मातीने आणि पावसाने निवडलंय ते गवत: पवन्या, मारवेल, कुसळी. अधूनमधून एखादी बोर, एखादा हिवर, तरवडाची झुडपं. चिंकारा लांबून धोका दिसावा म्हणून मोकळ्यावर राहतो. माळटिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालते. मध्य आशियातून हिवाळ्यासाठी येणारे भोवत्ये हे शिकारी पक्षी रात्री उंच गवतात जमिनीवर झोपतात. त्यांना सावली नको आहे. झाड लावणाऱ्याच्या हातून इथे जे होतं ते कुऱ्हाडवाल्याच्या हातून होत नाही, कारण कुऱ्हाडवाल्याला निदान अडवणारे असतात. झाड लावणाऱ्याला अडवलं तर लोक अडवणाऱ्यालाच वेड्यात काढतात. मी एकदा काकांना म्हणालो, इथे झाड नको, गवत राहू द्या. ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "गवत काय, ते तर असतंच."

ते असतंच, ही समजूत काकांची एकट्याची नाही. सातबारा काढून बघा. ज्या जमिनीत पीक येत नाही ती 'पोटखराब'. खराब! तिच्यावर शेकडो मेंढरं जगली, चंडोलांच्या पिढ्या वाढल्या, तरी ती खराबच, कारण तिच्यातून पायली-मणात मोजता येईल असं काही निघालं नाही. त्याच्याच वरच्या मजल्यावर केंद्र सरकारचा २००० सालापासून निघणारा पडीक जमिनींचा नकाशासंग्रह, त्यात देशभरातले असे माळ याच नजरेने रंगवलेले. नाव पडीक पडलं की पुढचं सगळं आपोआप घडतं. सौर प्रकल्प तिथे, एमआयडीसी तिथे, कचरा डेपो तिथे, झाडं लावायची तर तीही तिथेच. आणि मेलेल्या कोंबड्या टाकायच्या त्याही तिथे. पोल्ट्रीवाले रात्री पोती रिकामी करून जातात. त्यावर मोकाट कुत्री पोसतात, तरसं येतात, लांडगेही येतात. कुत्रा आणि लांडगा एका पत्रावळीवर जेवायला लागले की पुढे काय होतं ते सांगायला पाहिजे असं नाही. पुणे जिल्ह्यात कुत्रा-लांडगा संकर जनुकीय तपासणीत सिद्ध झालेला आहे. म्हणजे ज्या प्राण्याचा फोटो काढायला आम्ही पहाटे चारला उठतो, तो पुढेमागे तोच राहील याचीही खात्री नाही.

सरकारला माळाची कधीच आवड नव्हती असंही नाही. एकदा होती, आणि ती भयंकर होती. १९७९ मध्ये सोलापूर-नगर भागात माळढोकासाठी अभयारण्य जाहीर झालं, क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर. गावंच्या गावं, बाजारपेठा, पिकाखालची राने, सगळं त्या रेषेच्या आत. जमीन विकायची तर अडचण, विकासकाम काढायचं तर अडचण. लोकांच्या लेखी माळढोक म्हणजे ज्या पक्ष्यामुळे पोरीच्या लग्नासाठी एकर विकता येत नाही तो. पुढे कित्येक वर्षांनी क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरांवर आणलं. तोवर राग मुरला होता, आणि त्याच अभयारण्यातल्या नान्नजला आज माळढोक दिसला तर ती बातमी होते. तो पक्षी केवळ या रागाने गेला असं मी म्हणणार नाही, ऊस, विजेच्या तारा, शिकार यांचे हात त्यात आहेतच. पण पक्ष्याच्या शेजारी राहणाऱ्या माणसाला न विचारता पक्ष्यावर केलेलं प्रेम कसं वठतं, याचा नमुना म्हणून नान्नज प्रत्येक वनाधिकाऱ्याला शिकवायला हवं.

अलीकडे पुणे वनविभागाने इंदापुरात कडबनवाडी आणि बारामतीत शिर्सुफळ इथे गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली आहे. ठरलेले रस्ते, आधी बुकिंग, बरोबर गावातला गाइड. मी याच्या बाजूने आहे. मोकाट सात गाड्यांपेक्षा मोजून सोडलेल्या गाड्या केव्हाही बऱ्या, आणि गावातल्या पोराला माळ बघण्याचे पैसे मिळाले की तो त्याला पोटखराब म्हणणार नाही. पण यात एक फट राहते. गाइड होतो तो गावचा, ज्याचं घर तिथे आहे, ज्याचं नाव ग्रामपंचायतीच्या यादीत आहे. कोकरू जातं ते फिरस्त्याचं. त्याचं गाव फलटण-माण-खटावकडे कुठेतरी, मतदान तिथे, रेशन तिथे, आणि लांडगा इथे. सफारीच्या पैशातला रुपया त्याच्या वाड्यापर्यंत जाईल अशी वाटच आखलेली नाही.

नुकसानभरपाई आहे की, असं कुणी म्हणेल. आहे. जनावर मेलं तर ठरलेल्या मुदतीत कळवायचं, मढं जागचं हलवायचं नाही, पंचनामा होतो, पैसे येतात. आता हे कोकराला लावून पाहा. लांडगा कोकरू जागेवर खात नाही, उचलून नेतो. मढंच नाही तर पंचनामा कशाचा? शिवाय वाड्याने दोन दिवस एका जागी थांबायचं म्हणजे शेजारच्या शेतकऱ्याशी त्याच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायचा जो व्यवहार ठरलाय तो मोडायचा. एका कोकरासाठी एवढं कुणी करत नाही. मग सरकारच्या दफ्तरात लांडग्याने काहीच खाल्लेलं नसतं. कागदावरचा लांडगा उपाशी असतो आणि माळावरचा पोट भरून असतो, त्यातला फरक मेंढपाळाच्या खिशातून गेलेला असतो.

हे सुधारता येण्यासारखं आहे आणि त्याला फार अक्कल लागत नाही. वाड्यातल्या दोघा-तिघांची आणि ज्याच्या रानात मेंढरं बसली होती त्या शेतकऱ्याची साक्ष धरून कोकराचे पैसे द्यावेत. काही खोटे दावे येतील. येऊ देत, लांडगा राखण्याचा तो सर्वांत स्वस्त मार्ग असेल. वनखात्याच्या ताब्यातल्या माळांवर आळीपाळीने, ऋतू बघून चराईचे परवाने द्यावेत, आणि ते कुठे नि किती द्यायचे हे ठरवताना मेंढक्यांना बोलवावं. त्यांना गवत कुठल्या महिन्यात किती सोसतं हे माहीत असतं, चुकलं तर त्यांचीच मेंढरं उपाशी मरतात. महसूल खात्याने गवताळ जमिनीला एक धड नाव द्यावं. या मागण्या घेऊन आम्ही दुर्बीणवाले आणि कॅमेरेवाले कधी तहसील कचेरीत गेलेलो नाही. आमच्यापैकी अनेकांना कचेऱ्यांत ओळखी आहेत, इंग्रजीत पत्रं लिहिता येतात, वर्तमानपत्रं आमचे फोटो छापतात. हे सगळं आहे आणि आम्ही ते लाइफरसाठी खर्च करतो.

त्या सकाळी चहाचा कप खाली ठेवल्यावर म्हाताऱ्याने कॅमेऱ्याकडे हात केला. "बघू तरी कसला आलाय." मी पडद्यावर मादीचा फोटो मोठा करून दाखवला. मला स्वतःला त्यात उजेड आवडला होता, कानांच्या कडांना लागलेली सोनेरी रेघ. तो बघून 'हां' म्हणाला आणि वाघर सोडायला उठला. त्याची बायको हात पुसत आली. तिने कॅमेरा दोन्ही हातांत धरला, डोळ्यांजवळ नेला, आणि कानांकडे न बघता पोटाकडे बोट नेलं.

"आचळं बघा की. ओली बाळंतीन हाय ही."

मग थोडा वेळ तशीच बघत राहून म्हणाली, "म्हनून न्हेलं व्हय." आणि कॅमेरा माझ्या हातात देताना, "पर माजं कोकरू ते ग्येलंच की."